लाट हवी तर माणसं चार

रे रोडच्या बोटदुरुस्तीच्या यार्डात जयवंत घाडींनी अडतीस वर्षं एकच काम केलं, बोटीमागची लाट कमी करायचं. असं सांगितलं की लोकांना हसू येतं. पण बोट नीट चालतेय की नाही हे पुढून कळत नाही, मागून कळतं. मागे पाणी शांत सुटलं तर समजावं, बूड साफ आहे, शाफ्ट सरळ आहे, वजन जागच्या जागी आहे. मागे पाणी उसळत असेल तर बोट पाण्याशी भांडतेय, आणि त्या भांडणाचं इंधन मालकाच्या खिशातून जातंय. मच्छीमारांच्या बोटी, पलीकडे मांडव्याला जाणाऱ्या लाँच, बड्या लोकांच्या स्पीडबोटी, सगळ्यांची भांडणं घाडींनी मिटवली. यार्डात त्यांचा शब्द चालायचा. मालक लोक पैशांवरून घासाघीस करत, पण घाडींनी 'ही बोट अजून पाण्यात जाणार नाही' म्हटलं की बोट जमिनीवरच राहायची.

आणि एका जानेवारीत त्यांच्यासमोर हर्षवर्धन येऊन उभा राहिला.

हा हर्षवर्धन दादरचा, शिवाजी पार्काच्या मागच्या गल्लीतला. आजोबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क, वडील बँकेत, आणि हा मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून समुद्रावर क्लब काढायला निघालेला. पस्तिशीचा, बोलायला गोड, कपडे साधे पण महागातले. ट्रेलरवर त्याची निळी-पांढरी बोट होती, परदेशातून आणलेली, कोणाची तरी वापरलेली.

"काका, मला लाट पाहिजे," तो म्हणाला. "मोठी. निदान कमरेएवढी. आणि एकदम क्लीन."

"कसली लाट?"

"बोटीच्या मागची."

पोरगा थट्टा करतोय असंच घाडींना वाटलं. मग त्याने मोबाइल पुढे केला. पडद्यावर एक बोट रमतगमत चालली होती, आणि तिच्या मागच्या लाटेवर एक बाई छोट्या फळीवर उभी होती. हातात दोर नाही, काही नाही. लाटच तिला ढकलत नेत होती आणि ती बया बोटीवरच्या मंडळींशी हसत गप्पा मारत होती. याला वेकसर्फिंग म्हणतात, हर्षवर्धनने सांगितलं. ताशी सतरा-अठरा किलोमीटरने बोट चालवायची, दोर धरून उभं राहायचं, तोल साधला की दोर सोडून द्यायचा.

घाडींनी तो व्हिडिओ दोनदा पाहिला आणि त्यांचं डोकं सणकलं. "म्हणजे पेट्रोल जाळून पाणी मुद्दाम बिघडवायचं? आणि वर त्याच्यावर नाचायचं?"

"एक्झॅक्टली, काका!" हर्षवर्धन खूष झाला.

खरं तर तिथेच नाही म्हणायला हवं होतं. पण घाडी बोटीच्या खाली वाकले आणि त्यांनी बोट ढकलणारा पंखा पाहिला. पंखा बुडाखाली होता, चांगला आत. मागे लटकणारं इंजिन असतं तर त्यांनी तो ट्रेलर आल्या पावली परत पाठवला असता. फिरत्या पंख्याच्या मागे हातभर अंतरावर माणूस उभा करणारा मालक त्यांनी यार्डात उभा केला नसता. इथे तो धोका नव्हता. शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी घाडींनी कोणाला सांगितली नाही. गेल्या दहा वर्षांत कोणी त्यांना नवं काही विचारलंच नव्हतं. तेच शाफ्ट, तोच गंज, तीच शेवाळं. छप्पन्नाव्या वर्षी कोणीतरी डोक्याला खुराक दिला होता, आणि मनातून त्यांना बरं वाटलं होतं.

घाडी मूळचे देवगडकडचे. वडील गणपत घाडी परळच्या गिरणीत होते. संपानंतर गिरणीचं दार त्यांच्यासाठी पुन्हा उघडलं नाही, आणि जयवंत अठराव्या वर्षी यार्डात लागले ते आजतागायत. लालबागची त्यांची चाळ पडली, तिच्या जागी टॉवर आला, आणि टॉवरच्या मागे जुन्या भाडेकरूंसाठी जी इमारत बांधली तिच्या नवव्या मजल्यावर घाडी, बायको सुभद्रा आणि मुलगी अक्षदा राहत होते. अक्षदा परळच्या एका हॉस्पिटलात रेकॉर्ड सांभाळायची. टॉवरवाल्यांची लिफ्ट वेगळी, यांची वेगळी, आणि यांची आठवड्यातून दोनदा बंद. त्यावरून घाडींनी सोसायटीच्या तीन कमिट्यांशी भांडण घेतलं होतं. रागीट माणूस, असं त्यांच्याबद्दल बोललं जायचं. पण विनाकारण रागावलेलं त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. कारणंच फार होती, त्याला ते तरी काय करणार?

तोल सांभाळायचं शिक्षण त्यांना यार्डात मिळालं नाही, गिरगाव चौपाटीवर मिळालं. त्यांच्या मंडळाची मोठी मूर्ती विसर्जनाला तराफ्यावर चढायची. गुडघाभर पाण्यात उभं राहून तराफ्याची मोजणी करायचं काम बुधाजी म्हणून एका वृद्ध खलाशाकडे होतं, आणि बुधाजींनंतर ते घाडींकडे आलं. मोजणी म्हणजे एवढंच की तराफा सुटण्याआधी त्याच्यावर किती माणसं आहेत ते मोठ्याने मोजायचं. चौदा ठरली असतील तर पंधराव्याने उतरायचं. का, कशाला, मी कोण, हे विचारायचं नाही. एका वर्षी मंडळाचा अध्यक्षच पंधरावा निघाला. गळ्यातल्या हारासकट तो मुकाट पाण्यात उतरला आणि किनाऱ्यावरून हात जोडून उभा राहिला. याचा कुठे कागद नव्हता, नियमावली नव्हती. मोजणाऱ्याने आकडा म्हटला की आकडा झाला. घाडींनी बावीस वर्षं मोजणी केली, आणि एकदाही कोणाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

तर हर्षवर्धनच्या बोटीत पाण्याच्या तीन पिशव्या बसवायच्या होत्या. जाड रबरी कापडाच्या, गादीएवढ्या. छोट्या पंपाने समुद्राचं पाणी आत घ्यायचं, काम झालं की बाहेर सोडायचं. बोट जड झाली की ती पाण्यात खोल बसते, आणि खोल बसलेली बोट मोठी लाट काढते. इथवर घाडींना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी डावी-उजवी सारखं वजन धरून पिशव्या बसवल्या, बोट पाण्यात सोडली आणि पाहिलं. बोट तसूभरही कुठे कलली नव्हती. बावीस वर्षं देवाला सरळ उभं नेणाऱ्या माणसाचं काम होतं ते.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी जहाजांच्या वाटेपासून लांब, उरणच्या अंगाला चाचणी झाली. बोट चालवायला संघर्ष होता, वरळीच्या बीडीडी चाळीतला तिशीचा तरुण, परवाना असलेला, हलक्या हाताचा. हर्षवर्धन फळी घेऊन मागे उतरला आणि उभा राहायच्या आत पडला. पुन्हा पडला. पाच वेळा पडला. मागे दोन्ही बाजूंनी पाणी येऊन मध्यावर आपटत होतं आणि नुसता फेस होत होता.

"काका, ही लाट नाही," बोटीवर चढता चढता तो म्हणाला, "ही कपडे धुवायची बादली आहे."

मग त्याने परदेशातल्या कोणा तज्ज्ञाचा व्हिडिओ लावला आणि म्हणाला की इथल्या लोकांना याची सवय नसते, तर जरा हे बघून घ्या. सवय नसते हे खरंच होतं. पण 'इथल्या लोकांना' हे शब्द घाडींच्या डोक्यात गेले. व्हिडिओ त्यांनी पाहिला नाही. घरी जाऊन ते जेवायला बसले आणि भाताचा डोंगर तसाच ठेवून उठले.

"काय झाला?" सुभद्राने विचारलं.

"बादली म्हणता माझ्या कामाक."

"मगे काय असा ता? बादली नाय तर दाखवा त्याका."

दुसऱ्या दिवशी त्यांनी यार्डातली सहा माणसं गोळा केली. कोणाचं वजन किती ते सगळ्यांना ठाऊक होतं, कारण यार्डात भंगार तोलायचा काटा होता आणि दुपारच्या सुट्टीत त्यावर उभं राहून एकमेकांची टिंगल करणं हा रोजचाच उद्योग. पिशव्या रिकाम्या ठेवून घाडींनी ही जिवंत वजनं बोटीत बसवली. संघर्षने बोट चालवली आणि घाडी मागच्या कडेला पालथे पडून पाण्याकडे बघत राहिले. तू मागे ये. तू डावीकडे. तू नको, तू पुढे टोकाला जाऊन बस. असं तास-दीड तास चाललं. माणसं कंटाळली, एकाला उलटी झाली.

आणि मग घाडींना आपली चूक दिसली. ते बोटीला सरळ ठेवत होते. बावीस वर्षांची सवय हातातून जात नव्हती. इथे बोट मुद्दाम कलायला हवी होती, ज्या बाजूला माणूस उभा राहणार त्या बाजूला. बहुतेक वजन त्या बाजूच्या मागच्या कोपऱ्यात, थोडं दुसऱ्या कोपऱ्यात, आणि थोडं पुढच्या टोकाला, म्हणजे लाट नुसती उंच न होता लांबही होते. दुसऱ्या बाजूला बुडाच्या कडेला वीतभर पट्टी लावली, की तिकडचं पाणी जरा उशिरा येतं आणि इकडची लाट मोडत नाही. जड बोट जोर खाते, म्हणून पात्यांना कमी पीळ असलेला पंखा बसवला. पट्टी त्यांनी तीन वेळा कापली, चार वेळा बसवली. कोणी शिकवलं नव्हतं. पालथं पडून पाण्याकडे बघून शिकले होते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात लाट आली. कमरेएवढी, गुळगुळीत, काचेसारखी. हर्षवर्धन दोर सोडून सलग चार मिनिटं तिच्यावर उभा राहिला आणि लहान पोरासारखा ओरडत होता. संघर्षने मागे वळून घाडींना अंगठा दाखवला. घाडींनी तोंड वळवलं, कारण त्यांना हसू आवरत नव्हतं. अडतीस वर्षं जे मिटवलं ते आज आपल्या हाताने काढलं, आणि इतकं देखणं काढलं, याची त्यांना लाज वाटत होती आणि आनंदही होत होता.

यार्डात परतल्यावर त्यांनी हिशोब सांगितला. तोही सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात, जशी मोजणी करतात तसा. बोटीवरच्या पाटीवर बारा माणसं लिहिली आहेत. तिन्ही पिशव्या भरल्या की सहाशे किलो पाणी, म्हणजे आठ माणसं. बारातून आठ गेली, राहिली चार. चालवणारा धरून चार. बोट मागे खोल आणि एका अंगाला कललेली असणार. मागचा माणूस पडला की चालवणारा झटकन वेग कमी करतो, आणि त्या वेळी आपलीच लाट मागून येऊन बोटीला गाठते. चार माणसं असतील तर ती कडेला थडकून जाईल. दहा-अकरा असतील, आणि तीही गंमत बघायला मागेच गोळा झालेली असतील, तर ती कडेवरून आत येईल.

"लाट हवी तर माणसं चार," घाडी म्हणाले. "जास्त माणसं हवीत तर पिशव्या रिकाम्या."

"डन, काका. तुम्ही म्हणाल तसं."

घाडींच्या मनाने तिथे विषय संपला. लिहून घ्यावं, सही घ्यावी, पाटी बदलावी, असलं काही त्यांना सुचलं नाही. आकडा सांगितला होता, चारचौघांत सांगितला होता. यापुढे कागद तो काय असतो?

क्लबचं उद्घाटन एका रविवारी सकाळी ठेवलं. "काही झालं तर असू देत" म्हणून घाडींनाही बोलावलं होतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते धक्क्यावर गेले तेव्हा नारळ फुटला होता आणि पेढे वाटून झाले होते. कोणीतरी त्यांच्या हातात चहाचा कागदी कप दिला. मंडळी बोटीत चढत होती, आणि घाडी सवयीने मोजत होते. हर्षवर्धन. त्याची बायको. बायकोचा भाऊ आणि त्याची बायको. दोन जुने ऑफिसातले मित्र. फोटो काढणारा. आणखी दोघं, बहुतेक गुंतवणूक करणारे, कारण हर्षवर्धन त्यांना हात धरून बसवत होता. संघर्ष. आणि शेवटी हर्षवर्धनची आई नलूताई, चौऱ्याहत्तर वर्षांच्या. साडी चुरगळते म्हणून त्यांनी लाइफ जॅकेट मांडीवर घेतलं होतं.

अकरा.

घाडी पुढे झाले. "पिशव्या भरणार का?"

"ऑफ कोर्स! त्याच्यासाठीच तर आलेत सगळे. बाहेर पडलो की संघर्ष भरायला घेईल, दहा मिनिटांत होतं."

घाडींनी कप खाली ठेवला, धक्क्याच्या कडेला उभे राहिले आणि मोठ्याने मोजलं. एक, दोन, तीन. बोटीतले लोक कौतुकाने बघत राहिले, त्यांना तो उद्घाटनाचाच काही विधी वाटला असावा. "अकरा," घाडी म्हणाले. "लाट काढायची तर चार ठरलीत. सात जणांनी उतरायचं."

कोणी हललं नाही.

हे घाडींच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. आकडा म्हटला होता आणि माणसं बसून होती. त्यांनी पुन्हा म्हटलं. तेव्हा बायकोचा भाऊ हसला आणि पाटीकडे बोट दाखवून म्हणाला, "अंकल, इथे ट्वेल्व लिहिलंय. अजून एक सीट शिल्लक आहे. तुम्ही येताय का?"

सगळे हसले. नलूताईही हसल्या.

"पाटी रिकाम्या बोटीची आहे," घाडी म्हणाले. आवाज चढला होता. "आत सहाशे किलो पाणी घेणार तुम्ही. यार्डात सांगितलं होतं ना मी? आठ जणांसमोर सांगितलं होतं!"

"काका, चिल," हर्षवर्धन खाली उतरला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात बोलला. "आजचा दिवस. फक्त आजचा दिवस. ही माझी लोकं आहेत, यातलं कोणाला उतर म्हणू सांगा? सगळ्यांनी जॅकेट्स घेतलीयत. पुढच्या वेळेपासून चार म्हणजे चार."

"तुमच्या आईने जॅकेट मांडीवर घेतलंय."

"ती पाण्यात उतरणारच नाहीये, काका."

घाडींना सांगायचं होतं, ती उतरणार नाही, पाणी वर येणार आहे. पण हर्षवर्धनचं लक्ष घड्याळाकडे होतं. आणि मग तो जे बोलला, त्याने घाडींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्ही एकदा आत बघून सगळं ओके आहे म्हणून सांगा ना. तुमचं ओके आलं की आम्ही निघतो."

त्यांचं 'नाही' कोणाला नको होतं. 'ओके' मात्र त्यांचंच हवं होतं.

घाडी बोटीत उतरले. चालवणाऱ्याच्या गुडघ्यापाशी एक झाकण होतं, त्याच्या आत पंपांचे फ्यूज, बोटाच्या पेराएवढे, तीन पिशव्यांचे तीन. संघर्षने त्यांच्याकडे पाहिलं. त्यालाही आकडा माहीत होता, आणि नोकरीही माहीत होती. त्याने गुडघा बाजूला घेतला. घाडींनी तिन्ही फ्यूज उपटले. शेजारच्या डबीतले जादा फ्यूजही घेतले, शर्टाच्या खिशात टाकले आणि झाकण लावलं.

"ओके," ते म्हणाले आणि धक्क्यावर चढले.

वीस मिनिटांनी फोन आला. "काका, पंप चालत नाहीयेत!"

"चालणार नाहीत. फ्यूज माझ्या खिशात आहेत."



"काय?"

"सात माणसं उतरली नाहीत, म्हणून पाणी उतरवलं. फिरवून आणा मंडळींना. बोट रिकामी आहे, अकरा जणांना छान नेईल."

मग हर्षवर्धन जे बोलला ते मराठीतही होतं आणि इंग्रजीतही. घाडींनी फोन कानापासून लांब धरला आणि चहा संपवला. चहा गार झाला होता. पुढचा पाऊण तास ते उन्हात, धक्क्यावरून हलले नाहीत.

बोट परत आली. अकराच्या अकरा जण कोरडे उतरले, आणि अकरातले दहा जण रागावलेले होते. फोटोवाल्याला फोटो मिळाले नव्हते. गुंतवणूकवाले घाईने गाडीकडे निघाले. बायकोचा भाऊ म्हणाला की असल्या लोकल मेकॅनिकच्या भरवशावर राहिलं की हेच होणार. घाडींनी ते ऐकलं. लाट ज्यांनी काढली त्या हातांना लाट काढता येत नाही, असा बोभाटा आता दादरपासून मांडव्यापर्यंत होणार, हेही त्यांना कळलं.

"माझ्या बोटीला हात लावायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?" हर्षवर्धन सगळ्यांदेखत ओरडला.

"तुम्हीच. ओके द्या म्हणालात. मी ओके करून दिली."

घाडींनी नलूताईंना हात देऊन वर घेतलं. त्यांनी पदर सारखा केला आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "अहो, माझा मुलगा एवढा शिकलेला आहे. त्याला का कळत नाही?"

त्या दिवशी घाडींना जेवढे बोल बसले, त्यातला हा एकच त्यांना झोंबला. लालबागला घरी पोचेपर्यंत ते मनातल्या मनात त्या म्हातारीशी भांडत राहिले. जॅकेट मांडीवर घेऊन तुम्हीच तर बसला होतात, बाई. तुमच्याचसाठी होतं सगळं.

सोमवारी हर्षवर्धनचा माणूस आला आणि बोटीचे उरलेले सुटे भाग यार्डातून घेऊन गेला. फ्यूज मागितलेही नाहीत. ते लोहार चाळीच्या बाजारात कुठेही मिळतात, हे घाडींनाही ठाऊक होतं. बुधवारी संघर्षचा फोन आला. "काका, नवीन फ्यूज बसवलेत. या रविवारी बारा जणांचं बुकिंग आहे, पैसे भरलेली माणसं. पिशव्या फुल भरायला सांगितलंय. मी दोनदा बोललो. तिसऱ्यांदा बोललो तर मला काढतील आणि दुसऱ्याला बसवतील. त्या दुसऱ्याला तर चार-बारा काहीच माहीत नसणार."

फोन ठेवून घाडी यार्डातल्या काट्यावर जाऊन बसले. तोंडाने म्हटलेला आकडा चौपाटीवर चालतो. इथे चालत नाही. इथे पाटी चालते, कागद चालतो. तो घ्यायला हवा होता तेव्हा आपण घेतला नाही, ही आपली चूक. बारा माणसांनी तिची किंमत का भरायची?

घाडी तक्रार करणार, याची यार्डाच्या शेठला कुणकुण लागली. तो वाईट माणूस नव्हता. "जयवंत, तक्रार केलीस तर पहिला प्रश्न काय येईल? बोट कोणी बदलली? यार्डाचं नाव येईल, तुझं येईल. आपल्याकडे या बदलाची कुठलीही परवानगी नाही. दोन वर्षं राहिलीत तुझी. गप बस."

"बारा माणसं आहेत, शेठ."

"आपली आहेत का ती?"

घाडींनी त्याच्याकडे असं पाहिलं की शेठ केबिनमध्ये निघून गेला.

रात्रीची जेवणं झाल्यावर अक्षदा लॅपटॉप घेऊन बसली आणि घाडी सांगू लागले. पिशव्या किती, कुठे, किती किलोच्या. पट्टी कुठल्या बाजूला. पंखा कुठला काढला, कुठला बसवला. बोट किती अंश कलते. किती माणसं चालतील, किती नाही. सुभद्रा ओट्याकडे पाठ करून ऐकत होती.

"बाबा," अक्षदा थांबली. "'हा बदल एका मेकॅनिकने केला' असं लिहू का? नाव नको. नाव घातलं तर तुम्हीच अडकाल."

"नाव लिही."

"अहो, पण..." सुभद्रा वळली. "नोकरी गेली तर काय करूचा?"

"मोजणाऱ्याक तोंड लपवून आकडो सांगता येत नाय, सुभद्रा."

तिने ओटा पुन्हा एकदा पुसला, जो आधीच पुसलेला होता.

गुरुवारी सकाळी घाडी बंदरावरच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज घेतला. नेहमीसारखा बाजूला टाकणार होता, पण पहिल्या दोन ओळी वाचून थांबला. मग सगळा वाचला. चष्मा वर करून त्याने घाडींकडे पाहिलं.

"तुम्ही बोटीवरचे प्रवासी का?"

"नाही."

"मालकाशी काही देण्याघेण्याचं?"

"नाही."

"मग तुमचा काय संबंध?"

"वाचलंत ना. बदल मी केला. बोट माझ्या हातची आहे."

कारकुनाने अर्ज पुन्हा खालीवर पाहिला, सहीवर बोट ठेवलं आणि आवाज खाली आणला. माणूस भला होता. "अहो घाडी, मग ही तक्रार तुमच्यावरच होतेय की. घेऊन जा परत, मी बघितलंच नाही असं समजतो."

"रविवारच्या आत साहेबांच्या टेबलावर जाईल ना?"

"जाईल. पण तुम्ही..."

"मग शिक्का मारा," घाडी म्हणाले.